पहिल्या प्रतीची किंमत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं एका तालुक्याच्या गावी वाचनालय उभं करण्यात घालवली. पुस्तक परवडत नाही म्हणून कुणी वाचनाला मुकू नये, एवढाच त्यांचा ध्यास होता. म्हणून आजचा विषय मी पुस्तकाच्या किमतीचा घेतला आहे, आणि त्यातही ई-पुस्तकाच्या. जगभरच्या ग्रंथव्यवहारातली अलीकडची सर्वांत कडू भांडणं याच प्रश्नावरून झाली. मराठीत मात्र त्यावर हिशेब मांडून फारसं बोललं गेलेलं नाही.

वाचक विचारतो ते असं. छापील पुस्तक तीनशे रुपयांना, आणि त्याचंच ई-पुस्तक दोनशे-अडीचशेला? कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, टपाल नाही. मग पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे. वाचकांना फुकटची सवय लागली आहे असं म्हणून तो झटकून टाकणं मला मान्य नाही. त्याला आकड्यांतच उत्तर दिलं पाहिजे.

समजा, दोनशे पानांचं एक मराठी पुस्तक आहे. किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची. आकडे मी समजुतीसाठी घेतो आहे. प्रत्येक प्रकाशकाचे थोडे वेगळे असतील, पण प्रमाण ओळखीचं वाटेल. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ या सगळ्याला एकदाच लागणारा खर्च ३०,००० रुपये. कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीमागे ७० रुपये, म्हणजे ५०० प्रतींचे ३५,०००. एकूण गुंतवणूक ६५,०००. आता विक्रीकडे या. वितरक आणि विक्रेता मिळून ४० टक्के, म्हणजे १२० रुपये घेतात. लेखकाचे १० टक्के, म्हणजे ३० रुपये. प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे १५० रुपये उरतात. घातलेले पैसे परत यायला ४३४ प्रती खपाव्या लागतात. सगळ्या ५०० खपल्या तर दहा हजार रुपये मिळतात. चारशेच खपल्या तर पाच हजारांची खोट येते, आणि उरलेल्या शंभर प्रती गोदामात जागा अडवून बसतात. यात कार्यालयाचं भाडं, नोकरांचा पगार आणि दोन-तीन वर्षं अडकलेल्या पैशाचं व्याज मी धरलेलंच नाही.

या हिशेबातून कागद वजा केला तर तीनशेपैकी फक्त सत्तर रुपये जातात. गोदाम आणि पडून राहिलेल्या प्रती यांचा भार हलका होतो, तो आणखी थोडा धरा. पण संपादकाचे, मुद्रितशोधकाचे, चित्रकाराचे तीस हजार जिथल्या तिथे राहतात. दुकानदाराचा वाटा नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्या दुकानदाराकडे जातो.

आता याच छापील पुस्तकाची ई-आवृत्ती १५० रुपयांना विकली आणि तीस हजारांचा सगळा भार तिच्यावरच टाकला असं धरा. त्यातला पाच टक्के कर बाजूला काढला की सुमारे १४३ रुपये राहतात. ऑनलाइन दुकानाने ३० टक्के घेतले की शंभर. त्यातले २५ टक्के लेखकाचे, म्हणजे २५ रुपये. प्रकाशकाला ७५. तीस हजार वसूल व्हायला ४०० प्रती खपायला हव्यात. किंमत ५० रुपये ठेवली तर प्रकाशकाच्या हाती २५ रुपये येतात आणि १,२०० प्रती खपाव्या लागतात. मराठी ई-पुस्तकाच्या बाराशे प्रती विकून दाखवणं किती कठीण आहे, हे इथे बसलेल्या प्रकाशकांना मी सांगायला नको.

अर्थशास्त्राच्या भाषेत पुस्तक ही पहिल्या प्रतीवर खर्च होणारी वस्तू आहे. पहिली प्रत तयार करायला तीस हजार लागतात, दुसरीला सत्तर रुपये, आणि ई-पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीला जवळजवळ शून्य. बाजारात चुरस असेल तर किंमत या पुढच्या प्रतीच्या खर्चाकडे, म्हणजे सीमांत खर्चाकडे घसरू लागते असं शास्त्र सांगतं. ई-पुस्तकात ती शून्याकडे घसरेल, आणि मग पहिल्या प्रतीचे पैसे कुणीच देणार नाही. म्हणून पुस्तकाची किंमत ठरवणं म्हणजे पहिल्या प्रतीचा भार किती वाचकांमध्ये आणि कसा वाटायचा हे ठरवणं.

हा भार वाटण्याच्या पद्धती जुन्या आहेत. इंग्रजी ग्रंथव्यवहारात आधी कापडी बांधणीची महाग आवृत्ती येते आणि साधारण वर्षभराने स्वस्त कागदी बांधणीची. ज्याला घाई आहे तो जास्त पैसे देतो, ज्याला थांबता येतं तो कमी देतो, आणि दोघांच्या पैशांतून पहिली प्रत उभी राहते. आपल्याकडे क्रम उलटा आहे. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक आधी स्वस्त मिळतं, पुढे पूर्ण किमतीला. कारण मराठी प्रकाशकाची अडचण भांडवलाची होती. वाचकाचे पैसे आगाऊ आले की कागद घेता यायचा. सत्तरच्या दशकात ग्रंथालीने वाचक चळवळ उभी केली तीही वाचकांना आधी जोडून घेऊन पुस्तक स्वस्तात पोचवण्याच्या याच विचारावर. या परंपरेचा ई-पुस्तकाशी संबंध आहे. त्याकडे मी येणार आहे.

त्याआधी अमेरिकेत जायला हवं, कारण खरी लढाई तिथे झाली आणि तिची कागदपत्रं न्यायालयापुढे आली.

१९ नोव्हेंबर २००७ रोजी अॅमेझॉनने किंडल बाजारात आणलं. यंत्राची किंमत ३९९ डॉलर. गाजणाऱ्या नव्या पुस्तकांच्या ई-प्रती ९.९९ डॉलरला. त्या वेळी घाऊक पद्धत होती. प्रकाशक दुकानाला साधारण निम्म्या छापील किमतीत माल द्यायचा, पुढे दुकानाने कितीलाही विकावा. सव्वीस डॉलरच्या नव्या पुस्तकाच्या ई-प्रतीसाठी अॅमेझॉन प्रकाशकाला बारा-तेरा डॉलर देई आणि वाचकाला ती दहाला विकी. प्रत्येक प्रतीवर दोन-तीन डॉलरचा तोटा उघड दिसत होता. तो सोसायचं कारण होतं. वाचकाने एकदा यंत्र घेतलं आणि त्यात शंभर पुस्तकं भरली की तो दुसऱ्या दुकानात जाणार नाही, कारण ती पुस्तकं तिकडे नेता येत नाहीत.

प्रकाशकांना या व्यवहारात पूर्ण पैसे मिळत होते, तरी ते घाबरले होते. दहा डॉलर ही पुस्तकाची स्वाभाविक किंमत आहे अशी वाचकाची समजूत पक्की झाली, तर सव्वीस डॉलरची कापडी बांधणी कोण घेणार? आणि ती पडली की पुस्तकांची दुकानंही पडणार. जानेवारी २०१० मध्ये अॅपलने आयपॅड जाहीर केला आणि प्रकाशकांपुढे वेगळी पद्धत ठेवली. किंमत प्रकाशकाने ठरवायची, दुकानाने ३० टक्के दलाली घ्यायची. सहा मोठ्या प्रकाशकांपैकी पाच जण तयार झाले. मॅकमिलनचे प्रमुख जॉन सार्जंट सिअॅटलला जाऊन अॅमेझॉनला हे सांगून आले, तेव्हा अॅमेझॉनने मॅकमिलनच्या पुस्तकांसमोरचं खरेदीचं बटण काढून टाकलं. काही दिवसांतच अॅमेझॉनला माघार घ्यावी लागली. गाजणारी नवी पुस्तकं १२.९९ ते १४.९९ डॉलरवर गेली.

यातला हिशेब बारकाईने पाहा. १२.९९ चे ७० टक्के म्हणजे ९.०९ डॉलर. आधी तेरा मिळत होते. म्हणजे प्रकाशकांनी प्रत्येक ई-प्रतीमागे कमी पैसे स्वीकारले, आणि वाचकानेही जास्त मोजले. प्रकाशकांनी एवढं सोसलं ते किंमत ठरवण्याचा अधिकार हाती ठेवण्यासाठी. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट हीच आहे.

एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अॅपल आणि पाच प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी एकेक करून तडजोड केली. अॅपल लढलं. १० जुलै २०१३ रोजी न्यायाधीश डेनिस कोट यांनी अॅपल दोषी असल्याचा निकाल दिला, २०१५ मध्ये अपिलात तो कायम झाला, आणि मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर अॅपलला ४५ कोटी डॉलर द्यावे लागले. त्यातले ४० कोटी ग्राहकांसाठी होते. एकत्र बसून भाव ठरवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तो निकाल मला योग्य वाटतो. पण प्रकाशकाने स्वतःपुरती किंमत ठरवण्याची पद्धत न्यायालयाने बेकायदा ठरवली नव्हती. पुढे प्रत्येक प्रकाशकाने वेगवेगळे करार करून तीच पद्धत परत आणली.

२०१४ मध्ये हॅचेट या प्रकाशनसंस्थेशी भांडण चालू असताना अॅमेझॉनने एक आकडा जाहीर केला. १४.९९ डॉलरला जिथे एक प्रत खपते तिथे ९.९९ ला १.७४ प्रती खपतात. म्हणजे एक लाख प्रतींच्या जागी एक लाख चौऱ्याहत्तर हजार. उत्पन्न जवळपास पंधरा लाख डॉलरवरून सतरा लाखांच्या वर. किंमत तिसऱ्या हिश्शाने कमी करूनही उत्पन्न सोळा टक्के वाढतं. मागणीची लवचिकता शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ई-पुस्तकांपुरतं ते खरं असावं असं मी धरून चालतो. पण त्यात वाढलेल्या चौऱ्याहत्तर हजारांपैकी किती जणांनी एरवी छापील प्रत घेतली असती, हे नाही. ज्या दुकानात ती घेतली असती त्याचं काय झालं, हेही नाही. शिवाय हा आकडा काढण्याची सोय फक्त अॅमेझॉनकडे होती. कोणता वाचक कोणत्या किमतीला थबकतो ही नोंद ऑनलाइन दुकानाच्या यंत्रात राहते. प्रकाशकाला आणि लेखकाला फक्त महिन्याची बेरीज मिळते. किमतीबद्दल वाटाघाट करताना एका बाजूकडे सगळी माहिती आणि दुसरीकडे अंदाज, अशी ही विषम स्थिती आहे.

लेखकाचं काय झालं? हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये गुंतवणूकदारांपुढे मांडलेले आकडे प्रसिद्ध आहेत. २७.९९ डॉलरच्या कापडी बांधणीच्या प्रतीवर प्रकाशकाला ५.६७ आणि लेखकाला ४.२० डॉलर. १४.९९ च्या ई-प्रतीवर प्रकाशकाला ७.८७ आणि लेखकाला २.६२. छपाई वाचली, दुकानांतून न खपता परत येणाऱ्या प्रतींचा खर्च वाचला, आणि ती बचत प्रकाशकाकडे राहिली. लेखकाचं उत्पन्न मात्र घटलं. निव्वळ रकमेच्या २५ टक्के हा दर तिथे रूढ होऊन बसला आहे. वाचक महाग म्हणून ओरडतो आणि लेखकाला कमी मिळतं, या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या आहेत.

स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकाला अॅमेझॉन ७० टक्के देतं, पण किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान असेल तरच. बाहेर गेलात की ३५ टक्के. ९.९९ ला सुमारे सात डॉलर मिळतात, १०.९९ ला चारहून कमी. पुन्हा सात मिळवायचे तर किंमत वीस डॉलरवर न्यावी लागेल. किंमत लेखक ठरवतो असं म्हणायचं, पण कुंपण आधीच घातलेलं आहे.

आता वाचकाच्या बाजूने बोलतो, कारण त्याच्या तक्रारीत कागदाहून मोठा मुद्दा आहे. छापील पुस्तक घेतलं की ते तुमचं होतं. वाचून मित्राला देता येतं, मुलाला ठेवता येतं, अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला विकता येतं. तीनशेचं पुस्तक साठ रुपयांना पुढे गेलं तर वाचनाचा खरा खर्च दोनशे चाळीस. ई-पुस्तकात तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. पुढे विकता येत नाही, बहुधा देताही येत नाही. जुलै २००९ मध्ये हे ढळढळीत दिसलं. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांतून दुरून पुसून टाकली. पैसे परत दिले, पुढे जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण घरातल्या कपाटातून पुस्तक असं कुणी काढून नेऊ शकत नाही. हक्क कमी मिळत असतील तर किंमतही कमी हवी. कागदाच्या बचतीपेक्षा हे कारण मला जास्त बळकट वाटतं.

ग्रंथालयांचं दुखणं याहून गंभीर आहे. छापील प्रत वाचनालयाने एकदा घेतली की पानं सुटेपर्यंत फिरते. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने अमेरिकेतल्या ग्रंथालयांना दिलेली ई-प्रत २६ वेळा वाचायला दिली की संपेल आणि नवीन घ्यावी लागेल, असा नियम केला. २०१९ मध्ये मॅकमिलनने नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे ग्रंथालयाला एकच ई-प्रत देण्याचं ठरवलं. विरोध झाला आणि मार्च २०२० मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. ज्यांच्या नावाने आपण इथे बसलो आहोत, त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी गप्प बसणं पसंत केलं नसतं.

युरोपात काही देशांनी वेगळी वाट धरली. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने छापील पुस्तकावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही, आणि २०११ मध्ये ई-पुस्तकाची किंमत ठरवण्याचा अधिकारही कायद्याने प्रकाशकाकडे दिला. जर्मनीतही असाच कायदा आहे. या देशांत गावोगावची दुकानं तग धरून राहिली. ब्रिटनने अशी व्यवस्था नव्वदच्या दशकात मोडली. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि लवकर होईल असंही मला वाटत नाही.

आपल्याकडे आहे तो कर. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर आधी अठरा टक्के होता, २७ जुलै २०१८ पासून तो पाच झाला. पण छापील आवृत्ती अस्तित्वात असलेल्या पुस्तकालाच. जे पुस्तक केवळ ई-रूपात निघतं त्यावर अठरा टक्केच. म्हणजे छापायला पैसे नाहीत म्हणून ई-पुस्तक काढणाऱ्या नवख्या लेखकाच्या वाचकाला सर्वांत जास्त कर. हे अन्यायाचं आहे, आणि साहित्य संस्थांनी यावर आवाज उठवायला हवा होता. छापील पुस्तकाची करमुक्तीही पूर्ण नाही. कागदावर आणि छपाईवर भरलेला कर प्रकाशकाला परत मिळत नाही, कारण पुस्तकच करमुक्त आहे. तो तुमच्या तीनशे रुपयांत दडलेला असतो.

मराठीपुरतं बोलायचं तर डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी आली. त्याआधीपासून बुकगंगासारखी आपली दुकानं मराठी ई-पुस्तकं विकत होती, आणि ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी ती विनामूल्य वाटत होती. २०१७ अखेर स्टोरीटेल आलं आणि ऐकायच्या पुस्तकांसाठी लोकांना मासिक वर्गणीची सवय लागली. तरीही महत्त्वाची कितीतरी मराठी पुस्तकं आजही ई-रूपात मिळत नाहीत. मिळतात ती स्कॅन केलेली, व्हॉट्सअॅपवर फिरणारी. ही चोरी आहे यात मला शंका नाही. पण शिकागोला राहणाऱ्या मराठी माणसाने तीनशेच्या पुस्तकासाठी त्याहून जास्त टपालखर्च द्यावा, किंवा दुकान नसलेल्या गावातल्या शिक्षिकेने जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्यात, अशी अपेक्षा धरून ती थांबणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सेवाही बंद केली. वाजवी किमतीत, छापील पुस्तकाच्याच दिवशी, अधिकृत ई-प्रत मिळणं हाच चोरीवरचा उपाय आहे.

वाजवी किंमत म्हणजे किती? मी जबाबदारीने सांगतो: छापील किमतीच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत. तीनशेच्या पुस्तकाला दीडशे ते एकशे ऐंशी. त्याखाली पहिल्या प्रतीचा खर्च निघत नाही. त्यावर गेलं तर वाचकाला कमी हक्कांसाठी जास्त पैसे पडतात. परदेशातल्या वाचकासाठी वेगळी किंमत ठेवता येते. पाच-सहा डॉलर तिथे कुणाला जड नाहीत, आणि त्यातून इथल्या वाचकाची किंमत खाली ठेवता येईल. इथेच आपली प्रकाशनपूर्व सवलत कामाला येते. ई-प्रतीचे पैसे आगाऊ घेऊन संपादनाचा, मुद्रितशोधनाचा खर्च भागवता येईल, आणि वर्ष उलटल्यावर किंमत आणखी उतरवता येईल. ‘श्यामची आई’ पाहा. साने गुरुजींचं निधन १९५० चं, स्वामित्वहक्क २०१० अखेर संपला, आणि मग ती अनेक प्रकाशकांनी अल्प किमतीत छापली. तिची पहिली प्रत केव्हाच फिटली होती. नव्या पुस्तकाला ती मुभा नसते.

दोन मागण्या मी या व्यासपीठावरून करतो. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत. मराठी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचा मोठा आधार तीच आहेत. त्यांच्यासाठी मराठी ई-पुस्तकं शासनाने एकत्रित करारावर घ्यावीत, वाचनाच्या संख्येची अट न घालता, आणि प्रकाशकाला रास्त मोबदला देऊन. केवळ ई-रूपातल्या पुस्तकावरचा अठरा टक्के कर पाचवर आणावा, ही दुसरी.

आणि इथे बसलेल्या लेखकांना एक विनंती. पुढचा करार कराल तेव्हा ई-हक्कांचं कलम वेगळं लिहून घ्या. निव्वळ उत्पन्नाचा निम्मा वाटा मागा, कारण कागद आणि गोदामाची जोखीम तिथे प्रकाशक घेत नाही. हक्कांना पाच वर्षांची मुदत घाला, आणि किती प्रती कोणत्या किमतीला खपल्या याचा हिशेब दर सहा महिन्यांनी मागा. सही त्यानंतर करा.